विचेन्झाचें लाकडी थीबीज

व्हेनिसहून व्हेरोनाकडे आगगाडीनें निघालें म्हणजे वाटेंत विचेन्झा हें गांव लागतें. इटलीची यात्रा करणारे आपले लोक बहुधा तेथें उतरत नाहींत. रोम व फ्लॉरेन्स पाहण्याच्या घाईंत असल्या लहान गांवाकडे कोण पाहतो? परंतु ज्यास नाटकाची गोडी आहे त्यानें एक दिवस मोडून येथें अवश्य उतरावें. प्रबोधनकालांत बांधलेल्या आणि आजवर उभ्या असलेल्या नाट्यगृहांपैकीं सर्वांत जुनें 'तेआत्रो ओलिंपिको' याच गांवांत आहे.

बाहेरून पाहाल तर निराशा होईल. नाट्यगृहास स्वतःचें दर्शनी अंग असें नाहींच. पूर्वीं तुरुंग व दारूगोळ्याचें कोठार म्हणून वापरलेला एक जुना किल्ला नगरानें 'ओलिंपिक अकादमी' या विद्वन्मंडळास दिला, त्याच्या पोटांत हें बांधलें आहे. ही अकादमी १५५५ सालीं स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत अंद्रेआ पाल्लादिओ हा एक होता. मूळचा हा पाथरवट. परंतु रोमच्या भग्नावशेषांचीं मापें घेत घेत युरोपांतील थोर स्थापत्यकारांत जाऊन बसला. आपल्या उत्तरवयांत प्राचीन रोमन नाट्यगृह जसेंच्या तसें उभारावें हा त्याचा ध्यास होता. १५८० सालीं काम सुरू झालें आणि त्याच सालच्या आगस्टांत तो वारला.

आंत जाऊन पायऱ्यांवर बसलें म्हणजे समोर शिल्पांनीं भरलेली भव्य भिंत दिसते. कोनाड्यांतून रोमन वेषांतले पुतळे उभे आहेत. हे कोणी देव किंवा सम्राट असतील अशी आपली समजूत होते, पण ते आहेत अकादमीचेच सभासद! ज्यानें त्यानें आपापल्या खर्चानें आपली मूर्ति बसवून घेतली. देणगीदारांच्या नांवांच्या संगमरवरी पाट्या पाहण्याची संवय असलेल्या आम्हां लोकांस याचें फारसें नवल वाटावयास नको.

खरें नवल त्या भिंतीच्या दारांतून पलीकडे दिसतें. पाल्लादिओच्या मागून विन्चेन्त्सो स्कामोझ्झी या तरुण शिल्पकारानें तेथें सात रस्ते रचिले. लाकूड व चुन्याच्या गिलाव्याचे ते वाडे, देवळें व सज्जे हें थीबीज नगर. जमीन मागें चढत जाते, घरें लहान लहान होत जातात, आणि थोड्या हातांच्या खोलींत लांबच लांब राजमार्ग दिसूं लागतो. मात्र ही जादू नटानें तेथें पाऊल टाकीपर्यंतच! तो आंत चालत गेला तर कांहीं पावलांतच त्याचें डोकें माडीच्या खिडकीशीं येईल. म्हणून पात्रांनीं दारापाशींच वावरावें लागतें. आपल्या संगीत नाटकांतील रस्त्याचा पडदा ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस ही अडचण चांगली परिचित आहे. तो पडदाहि एकोणिसाव्या शतकांत युरोपीय रंगभूमीच्या वळणावरच आपल्याकडे आला. ज्या यथादर्शनाच्या विद्येनें इटलीच्या चित्रकारांस वेड लाविलें, तिचाच तो दूरचा वारस.

३ मार्च १५८५ रोजीं येथें पहिला प्रयोग झाला. नाटक सोफोक्लीजचें 'राजा ओयदिपौस', इटालियन भाषेंत. वृंदगीतांस संगीत व्हेनिसच्या आंद्रेआ गाब्रिएली याचें. शेवटल्या प्रवेशांत राजा आपले डोळे फोडून घेऊन बाहेर येतो. ती भूमिका लुईजी ग्रोतो या कवीस दिली होती, आणि ग्रोतो स्वतः अंध होता. हें वाचल्यापासून माझें मन त्या नेत्रदीपक रस्त्यांवरून सारखें या एका मनुष्याकडे जातें. डोळ्यांस फसविण्यासाठीं एवढा थाट मांडलेला, आणि त्यांतील काडीहि ज्याला दिसत नव्हती, तोच त्या रात्रीं सर्वांत खरा! त्याच सालच्या डिसेंबरांत तो निवर्तला.

त्याच वर्षीं जपानहून आलेले चार तरुण वकील येथें येऊन गेले. त्यांच्या स्वागताचें चित्र बाहेरच्या दालनांत आहे. पुढें मात्र नाट्यगृह फारसें वापरांत राहिलें नाहीं. एका नाटकापुरतें मांडलेलें थीबीज कोणीं हलविलेंच नाहीं. मग तेथें दुसरें नाटक लावावें तरी कसें? माझ्या मतें पाल्लादिओच्या रोमला स्कामोझ्झीच्या रस्त्यांनीं शोभा आणली खरी, पण रंगभूमीचा मोकळेपणा हिरावून घेतला. पुढील शतकांत युरोपनें दुसरीच वाट धरली. पार्मा येथें १६१८ सालीं बांधलेल्या नाट्यगृहांत मोठी चौकट व तिच्यामागें बदलते देखावे आले, आणि तोच नमुना सर्वत्र पसरला.

विचेन्झांत आतां पुनः प्रयोग होतात, पण वसंतांत व शरदांतच. कारण इतक्या जुन्या लाकडास बाधा होईल म्हणून आंत ऊब देण्याची सोय केलेली नाहीं. तेव्हां जाणारानें ऋतु पाहून जावें, आणि अंगावर एक लोंकरी शाल असूं द्यावी.