ढवळीच्या पोटात

नववीच्या वर्गात दर वर्षी कोणीतरी तो व्हिडिओ पाहून येतंच. पांढुरक्या अळ्या, त्यांच्याखाली प्लास्टिकची पिशवी, आणि थोड्या वेळाने पिशवीला पडलेली भोकं. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं की प्लास्टिकचा प्रश्न आता सुटला. मग हात वर होतो, "मॅडम, हे खरं आहे का?"

मी अमळनेरला एका शाळेत विज्ञान शिकवते. या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता येईल, पण मला ते कधी जमलेलं नाही. मध्येच आमची ढवळी आठवते.

ढवळी आमच्याकडे सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, कालवड असताना आणली होती. शेत विकून गावात राहायला आल्यावरही त्यांनी एक गाय ठेवलीच. सकाळी धार काढली की तिला सोडायचं. ती गल्लीतून बोरी नदीकडे जायची आणि दिवे लागायच्या आत आपली आपण दारात येऊन उभी राहायची. मी धुळ्याची. लग्न होऊन आले तेव्हा मला गायीची भीती वाटायची. ती भीती ढवळीनेच घालवली.

२०१९ च्या पावसाळ्यात तिने खाणं कमी केलं. मग रवंथ थांबला. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. घरगुती उपाय झाले, तेल पाजून झालं, शेवटी गुरांचे डॉक्टर आले. कुशीवर हाताने दाबून त्यांनी विचारलं, "मोकळी सोडता का हिला?" नाना गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी अंगणातच, उभ्या गायीची कूस बधिर करून, डॉक्टरांनी पोट उघडलं. खांद्यापर्यंत हात आत घालून ते ओढत राहिले. पिशवी नव्हती ती, दोरखंड होता. पिशव्यांना पिशव्यांचा पीळ बसलेला. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, लग्नातल्या जेवणावळीचे पातळ पेले, सुतळी, दोन खिळे. भंगारवाल्याच्या काट्यावर ते सगळं ओलं बावीस किलो भरलं.

नाना ओट्यावर बसून बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिना पोटमा आपलंच घर शे व माय."

ते बरोबर होतं. मी भाजीची देठं, सालं, शिळी भाकरी कॅरीबॅगमध्ये भरून तिला दोनदा गाठ मारायची आणि कान आत खोचायची, म्हणजे घंटागाडीत सांडायला नको. गाडी यायला उशीर झाला, तर पिशवी कोपऱ्यावर ठेवून शाळेत पळायची. गायीला हात नसतात, गाठ सोडता येत नाही. तिला वास येतो आतल्या भाकरीचा. ती जिभेने पिशवी ओढून घेते आणि फारसं न चावता गिळते. चावायचं काम नंतर, रवंथाच्या वेळी. त्या ढिगात दोनदा मारलेल्या, कान आत खोचलेल्या गाठी मला दिसल्या. तशी गाठ मारणारी मी एकटीच असेन असं नाही. पण माझी गाठ मला ओळखू येते.

ढवळी तिसऱ्या दिवशी गेली. राज्यात प्लास्टिकबंदी लागू होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. २३ मार्च २०१८ ची अधिसूचना मी वर्गात फळ्यावर लिहून समजावली होती.

त्यानंतर मी वाचायला लागले ते एका हट्टाने. गायीचं पोट म्हणजे जिवाणूंचं केवढं मोठं कोठार! मोठ्या गायीच्या पहिल्या कप्प्यात, रुमेनमध्ये, शंभर लिटरहून जास्त ऐवज मावतो. तापमान एकोणचाळीस अंशांच्या आसपास. त्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू असतात. आपण ज्वारीचा कडबा खाऊ शकत नाही, तिच्या पोटातले जिवाणू त्याचंही दूध करायला मदत करतात. मग त्यांना एक पिशवी का पचली नाही?

उत्तर शोधताना मला आधी त्या अळ्या भेटल्या. फेडेरिका बेर्तोक्किनी ही स्पेनमधली शास्त्रज्ञ हौसेने मधमाश्या पाळायची. पोळ्यातलं मेण खाणाऱ्या अळ्या तिने काढून पिशवीत टाकल्या आणि पिशवीला भोकं पडली. २०१७ मध्ये तिने आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की शंभर अळ्यांनी बारा तासांत ९२ मिलिग्रॅम पॉलिथिन कमी केलं. मी हा आकडा वर्गाला देते आणि गणित करायला सांगते. ढवळीच्या पोटातल्या बावीस किलोंमधून पाणी, शेण, चारा वजा करून निव्वळ प्लास्टिक दहा किलो धरा. अळ्या रात्रंदिवस खात राहिल्या, तर शंभर अळ्यांना किती दिवस लागतील? उत्तर जवळपास दीडशे वर्षं येतं. वर्ग हसतो. मग कोणीतरी म्हणतं, "मॅडम, अळ्या वाढवा ना." तेही बरोबर आहे. पण खरी अडचण वेगळीच आहे.

कुरतडणं आणि पचवणं या दोन गोष्टी आहेत. हे अमळनेरमधल्या कोणाही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ठिबकच्या नळ्या खारी आणि उंदीर फोडतात, म्हणून ते नळी पचवतात असं कोणी म्हणत नाही. दादरच्या पिठाच्या पिशवीला अळी भोक पाडते, ती बाहेर पडायला किंवा आत शिरायला. म्हणून बेर्तोक्किनींच्या गटाने पुढची पायरी घेतली होती. अळ्या वाटून त्यांचा लगदा पॉलिथिनवर लावला, तरी त्यात बदल दिसला, म्हणजे हे नुसत्या दातांचं काम नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी जर्मन संशोधकांनी आक्षेप घेतला की मोजणीत दिसलेल्या खुणा अळीच्याच चरबी-प्रथिनांच्या असू शकतात. २०२२ मध्ये बेर्तोक्किनींच्या गटाने अळीच्या लाळेतली दोन एन्झाइमं दाखवली आणि त्यांना धान्याच्या देवतांची नावं दिली. २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने तीच एन्झाइमं तपासली आणि त्यांना पॉलिथिनवर ती क्रिया आढळली नाही. व्हिडिओत हे भांडण नसतं. पण विज्ञान असंच चालतं, हे मला मुलांना दाखवता येतं.

बाटलीची गोष्ट निराळी आहे. जपानमध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात बाटल्यांच्या पुनर्वापराच्या ठिकाणी एक जिवाणू सापडला, इडिओनेला साकाएन्सिस. २०१६ मध्ये त्याबद्दल प्रसिद्ध झालं. बाटली ज्याची असते त्या पेट प्लास्टिकचा पातळ पापुद्रा तो तीस अंशांवर साधारण सहा आठवड्यांत संपवतो. फ्रान्समधल्या कार्बिओस कंपनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये एक सुधारलेलं एन्झाइम दाखवलं. ते ७२ अंशांवर दहा तासांत ९० टक्के पेट सुटं करतं. त्याचं मूळ सापडलं होतं पालापाचोळ्याच्या खतात.

बाटली सुटते आणि पिशवी सुटत नाही, याचं कारण मला अमळनेरनेच समजावलं. इथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. पुढे त्याची विप्रो झाली. त्या कारखान्यात कपड्यांचा साबणही बनायचा. साबण म्हणजे काय? तेलाच्या रेणूत एस्टर नावाचा बंध असतो. कॉस्टिक सोड्याने तो तोडला की साबण तयार होतो. पेटच्या लांब साखळीतले दुवेही एस्टरचेच असतात. पानांच्या वरची चकचकीत, मेणचट कातडीही एस्टरनेच जोडलेली. पानं कुजवणारे जीव हा बंध कोट्यवधी वर्षं तोडत आलेत. पेट त्यांना नवं असलं, तरी कुलूप ओळखीचं आहे.

कॅरीबॅगच्या पॉलिथिनमध्ये हे कुलूपच नाही. कार्बनला कार्बन, त्याला कार्बन, हजारो वेळा. एन्झाइमला पकडायला जागाच नाही. आणि पॉलिथिन माणसाच्या हाती लागलं १९३३ मध्ये, इंग्लंडच्या एका प्रयोगशाळेत, चुकून. जिवाणूंना अजून पुरती शंभर वर्षंही मिळालेली नाहीत.

मग २०२१ चा एक अभ्यास वाचला आणि मी वाचता वाचता थांबले. व्हिएन्नाच्या संशोधकांनी कत्तलखान्यातून गायीच्या रुमेनचा रस आणला, त्यात पेट आणि आणखी दोन पॉलिएस्टर ठेवली. रुमेनमधल्या जिवाणूंनी तिन्हींचे तुकडे पाडायला सुरुवात केली. म्हणजे ढवळीच्या पोटाला प्लास्टिकचं काहीच कळत नव्हतं असं नाही. तिला एस्टर कळत होता. आम्ही तिला पॉलिथिन दिलं.

पॉलिथिनवरही प्रयत्न चालू आहेत, आपल्या राज्यातही. २०१९ मध्येच, म्हणजे ढवळी गेली त्याच वर्षी, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्राच्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्यावरच्या बारा ठिकाणच्या खारफुटीच्या मुळांजवळची माती तपासून त्यातून १०९ बुरश्या वेगळ्या केल्याचं प्रसिद्ध केलं. सगळ्यात चांगल्या बुरशीसोबत साठ दिवसांत पॉलिथिनचं वजन निम्म्यावर आलं. ती अॅस्परजिलस कुळातली. कांद्याच्या चाळीत सालाखाली काजळी धरते ती काळी बुरशी याच कुळातली, त्यामुळे नाव सांगितलं की मुलांना ती परकी वाटत नाही. पण हे प्रयोगशाळेतले साठ दिवस. पिशवीचा तुकडा मोजून घेतलेला, आम्लता ठरवून दिलेली. बोरीच्या पात्रात तसं कोणी काही ठरवून देत नाही.

ढवळीच्या पोटातून निघालेल्या पिशव्यांपैकी काही मी धुऊन ठेवल्या होत्या. एकीवरची कापडदुकानाची लाल अक्षरं अजून वाचता येतात. त्यातले चौकोनी तुकडे कापून आम्ही शाळेच्या आवारातल्या खड्ड्यात पुरले, शेजारी तेवढ्याच मापाचं सुती कापड, वर्तमानपत्र आणि एक भाकरी. वर शेण-माती. दर वर्षी नववीचा वर्ग तो खड्डा उकरतो, तुकडे धुऊन, वाळवून, वजन करून परत पुरतो. भाकरी पहिल्या महिन्यातच गेली. कागद आणि कापड वर्षाच्या आत. पिशवीच्या तुकड्यांचं वजन आमच्या काट्याला कळेल इतकं कधीच बदललं नाही.

यंदा एका मुलीने तुकडा उजेडात धरला आणि ओरडली, "मॅडम, भोक!" सगळे धावले. खरंच, कडेला दोन-तीन बारीक, वेडीवाकडी भोकं होती. मातीत उधई होती. मुलांना वाटलं, सापडली. मी म्हटलं, आता काय तपासायचं? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग तीच मुलगी म्हणाली, "भोकातला तुकडा कुठे गेला ते." ते सगळे मातीवर वाकले. चाळणीने माती चाळली. खिचडीच्या दाण्याएवढे तीन पापुद्रे सापडले, एकावर लाल रंगाचा ठिपका. वहीत तिने लिहिलं: कुरतडलं आहे. पचवलेलं दिसत नाही. पुढच्या वर्गाने बघावं.

तिच्या वयाच्या मुलांपैकी कोणी उद्या पॉलिथिनचं कुलूप उघडणारा जिवाणू शोधेलही. तो सापडला तरी कारखान्यातल्या टाकीत काम करेल, कचरा वेगळा करून, धुऊन, कापून दिल्यावर. गल्लीतल्या गायीच्या पोटात जाऊन तो गाठ सोडणार नाही.

नानांनी नंतर गाय घेतली नाही. शेजारच्यांची एक तांबडी गाय मात्र सकाळी आमच्या दारात येते. मी सालं, देठं आता टोपल्यात ठेवते आणि टोपलंच तिच्यापुढे करते. तिचं खाऊन झालं की नाना काठी टेकत उठतात आणि गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. येताना त्यांच्या हातात कोणाची तरी बांधलेली पिशवी असते. ओट्यावर बसून ते तिची गाठ सोडतात. बोटं थरथरतात, वेळ लागतो. मी मदतीला गेले तर म्हणतात, "ऱ्हाऊ दे, सुटस."