मेंदीचे कुंपण

जयपुरात बाग करावयाची म्हणजे पाण्याचा हिशेब आधी मांडावा लागतो. ज्या रामगढ तलावात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकांच्या शर्यती झाल्या, तो पुढे कोरडा पडला. आता शहराची तहान मुख्यतः टोंक जिल्ह्यातील बीसलपूर धरणाच्या पाण्यावर भागते. स्वयंपाक, धुणे, न्हाणे उरकल्यावर हिरवळीसाठी काय उरणार? म्हणून अंगणाच्या कडेने मी मेंदी लावली.

सासूबाईंना ते रुचले नाही. कोकणात वाढलेल्या त्या. त्यांना परसात मोगरा हवा होता. ‘कुंपणाला कसला आला आहे सुगंध!’ असे त्या म्हणत. खरे तर वारंवार कातरलेल्या मेंदीला फुलण्यास अवसरच मिळत नाही. कोपऱ्यातील दोन झुडपे मी मुद्दाम वाढू दिली. त्यांवर बारीक, पांढुरक्या फुलांचे घोस आले आणि सारे अंगण दरवळले. याच फुलांचे अत्तर गुलहिना म्हणून प्रसिद्ध आहे. ‘वेणीत माळता येत नाहीत एवढेच,’ असे म्हणत सासूबाई आपली खुर्ची तिकडेच ओढू लागल्या.

मेंदीचे बी बारीक आणि टणक. पेरण्यापूर्वी ते काही दिवस भिजत घालून पाणी बदलत राहावे लागते. घरच्यापुरती लागवड असेल तर पावसाच्या आरंभी वीतभर लांबीच्या, जून फांद्या लावणे सोपे. पहिला उन्हाळा मात्र सांभाळावा. तांदूळ धुतलेले पाणीही चालते. मुळे एकदा खोल गेली की ज्येष्ठाचे ऊनही हे झाड सोसते. भय आहे ते साचलेल्या पाण्याचे, कारण त्यात मुळे कुजतात. पाली जिल्ह्यातील सोजतची मेंदी तर बहुतांशी पावसाच्याच पाण्यावर होते, आणि एकदा लावलेले शेत वर्षानुवर्षे पाला देते. २०२१ साली या मेंदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

श्रावण शुद्ध तृतीयेला जयपुरात तीज असते, आणि दोनच दिवसांनी आपली नागपंचमी. एकाच वाटणात शेजारणींचे आणि आमचे हात रंगतात! बाजारातील ‘काळी मेंदी’ मात्र मी मुलींच्या हाताला लागू देत नाही. तीत बहुधा केस रंगविण्याचे रसायन मिसळलेले असते आणि त्याने कातडीवर फोड उठतात.

सणानंतर उरलेला पाला देठ वेचून सावलीत वाळवावा, कुटून पातळ फडक्यातून चाळावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवावा.