भांगाचं पाणी आणि हलकी काठी

माझी गळाची काठी सात फुटी आणि हलकी आहे. बंगळुरूच्या आसपासच्या तळ्यांत तिलापिया, म्हणजे इथली जिलेबी, धरायला घेतलेली. कारवारला मावशीकडे जाताना हीच बरोबर नेतो. यशवंतपूरहून सकाळी सुटणारी गाडी सकलेशपूरचा घाट उतरून किनाऱ्याने कारवार गाठते आणि दुसऱ्या दिवशी मी कोडीबागला, काळी नदीच्या मुखाशी असतो.

समुद्रात तळाला गळ टाकायचा तर जाड काठी, मोठं रीळ आणि शंभरेक ग्रॅमचं शिसं हवं, असं बहुतेक सांगतात. उधाणाला ते खरंही आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला मुखातून पाणी असं खेचतं, की माझं पंधरा ग्रॅमचं शिसं तळाला न टेकताच वाहत जातं. तिथे हातात नुसतं तंगूस घेऊन बसणारे एक काका आहेत. मी जड शिसं शोधायला लागलो तसे म्हणाले, "अरे, शिसं कशाला वाढवतोस? अष्टमीला ये. भांगाच्या पाण्यात टाक."

हलक्या सामानाचं सगळं मर्म मला त्यात सापडलं. अष्टमीच्या सुमारास चंद्र-सूर्य काटकोनात असतात, भरती-ओहोटीतला फरक कमी होतो आणि प्रवाह मंदावतो. हेच भांगाचं पाणी. भरती संपून पाणी उलटायच्या सुमारास तर ते थोडा वेळ जवळजवळ थांबतं. तेवढ्या वेळात पंधरा ग्रॅम पुरतात. मात्र दोरा बारीक हवा, कारण खोल पाण्यात ओढ शिशापेक्षा लांबलचक दोऱ्यावरच जास्त बसते. मी बारीक विणलेला दोरा वापरतो आणि गरीजवळ वावभर जाड तंगूस जोडतो. खडकावरची कालवं बारीक दोरा सुरीसारखी कापतात.

या काठीचा खरा मासा मुडदुशी. वाळूच्या तळाशी किडे, कोळंबी टिपत फिरणारी. लहान गरीला सोललेल्या कोळंबीचा तुकडा लावायचा, दोरा ताणून ठेवायचा आणि थांबायचं. ती चावते ते जेमतेम दोन टिचक्या मारल्यासारखं. जाड काठीला ते कळतही नाही. माझ्या काठीचं टोक थरथरतं आणि तो थरथराट थेट मनगटात येतो. त्या क्षणासाठी मी इतका लांब येतो.

तांबोशीचं वेगळं. गरी लागताच ती कपारीकडे धावते. मोकळ्या वाळूवर तिला पळू देता येतं. रिळाचा ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाईवर ठेवला की ती दमते. खडकात किंवा पुलाच्या खांबांशी मात्र हलक्या सामानाने गळ टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. दोरा तुटतो आणि मासा तोंडात गरी, मागे लोंबता दोरा घेऊन जातो. शिंगाळा आला तर पक्कड घ्यावी. त्याच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांजवळचा काटा विषारी असतो.

तळ्याच्या रिळाचा खरा शत्रू मीठ. ते वाळायच्या आत, त्याच रात्री मावशीच्या न्हाणीत मी रीळ धुतो. आधी ब्रेक घट्ट करतो, म्हणजे पाणी आत शिरत नाही, आणि धार जोराची सोडत नाही. यशवंतपूरला आल्यावर बोअरचं क्षारांचं पाणी टाळून कावेरीच्या पाण्याने पुन्हा पुसून घेतो. ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू बसतो तिथे गंज पहिल्यांदा धरतो, म्हणून तेलाचा थेंब तिथे. मग ब्रेक ढिला सोडून रीळ कपाटात ठेवतो, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत.