तीन घाट, एक क्लच

वीकएण्डला पुण्याबाहेर पडायचं म्हटलं की निम्मं शहर लोणावळ्याकडे तोंड करतं. उरलेल्यांनी सरळ साताऱ्याचा रस्ता पकडावा. पहाटे सहाला स्वारगेट सोडलं, की पाचगणीपर्यंतच्या शंभरेक किलोमीटरमध्ये तीन घाट भेटतात. कात्रज, खंबाटकी आणि पसरणी. तिघांची तऱ्हा वेगळी. त्यात थंडीचे दिवस आणि स्ट्रॉबेरीचा सीझन असेल, तर क्या बात है!

या रस्त्याचा आणखी एक उपयोग आहे, तो कुठल्या टुरिस्ट गाइडमध्ये सापडणार नाही. गॅरेजमधून आलेल्या बाइकची इतकी चोख परीक्षा दुसरीकडे होत नाही. शहरात सिग्नल ते सिग्नल जाताना गाडीला ताकद लावायची वेळच येत नाही. घाटात मात्र लपवाछपवी चालत नाही.

माझ्या १५० सीसीच्या बाइकच्या क्लच प्लेट्स आठवड्यापूर्वीच बदलल्या होत्या. प्लेट्स नाना पेठेतून आणल्या. पुण्यात टू-व्हीलरचा स्क्रूसुद्धा हवा असेल तरी माणूस नाना पेठेतच जातो, तसा मीही गेलो. घराजवळच्या गॅरेजनं प्लेट्स बसवल्या, ऑइल बदललं आणि गाडी हातात दिली. क्लच एकदम कडक. लिव्हरला जरा बोट लावलं की लगेच रिस्पॉन्स. आठवडाभर ऑफिसला गेलो, काहीच तक्रार नाही.

शनिवारी मागे मित्र आणि दोघांच्या सॅक. जुन्या कात्रज घाटानं निघालो. पहाटेच्या गारव्यात शहराचे दिवे मागे राहतात, तो नजारा कितीही वेळा पाहिला तरी आवडतोच. बोगद्याच्या अलीकडच्या चढावर वाटलं, आज इंजिनचा आवाज जरा जास्तच येतोय. म्हटलं, दोघं आहोत, लोड आहे. खेड शिवापूरला पोहे-चहा झाला, शिरवळ मागे पडलं आणि सपाट हायवेवर गाडी मस्त पळाली.

खंबाटकीत मात्र गोष्ट उघड झाली. पुढे उसाचा ट्रक रांगत होता. ओव्हरटेक करायला चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल पिळला. इंजिननं आरोळी ठोकली, आरपीएमचा काटा सर्रकन वर गेला, आणि स्पीड? होता तिथेच! ट्रकच्या बरोबरीला आम्ही, मागून टेम्पोचा हॉर्न, आणि गाडी पुढे ओढतच नाही. थ्रॉटल सोडून पुन्हा ट्रकच्या मागे आलो. मित्रानं खांदा गच्च धरला होता. दोघंही काही बोललो नाही.

घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली. हलकासा जळका वास येत होता. आता हा क्लचच कशावरून? खूण सोपी आहे. इंजिनचे फेरे वाढतात आणि चाकाचा वेग वाढत नाही, तेव्हा मधे कुठेतरी ताकद निसटत असते. कार्बोरेटरची किंवा पेट्रोलची भानगड असती तर फेरेच वाढले नसते. चेन दात सोडत असती तर खडखडाट आणि झटके जाणवले असते. इथे सगळं गुळगुळीत, नुसता आवाज. म्हणजे क्लच स्लिप.

गॅरेजला फोन लावला. पलीकडून तयार उत्तर आलं : ‘‘प्लेट डुप्लिकेट असणार साहेब. नवीन सेट घ्या, सोमवारी बघू.’’ म्हणजे पुन्हा प्लेट्सचे पैसे, पुन्हा मजुरी, आणि खापर नाना पेठेतल्या दुकानदाराच्या डोक्यावर. शिवाय आजचा दिवस वाया. मित्र म्हणाला, परत फिरू. मी म्हटलं, वाईपर्यंत सगळा उतार आणि सपाट रस्ता आहे, हळू जाऊ. तिथे कुणीतरी भेटेलच.

सुरूर फाट्यावरून आत वळलं की हायवेचा गोंगाट संपतो आणि झाडांची सावली सुरू होते. वाईत ढोल्या गणपतीच्या घाटावर पाच मिनिटं बसलो. या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधलीय, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. बांधणाऱ्यानं पाण्याचा जोर आधी ओळखला, मग दगड रचले.

बाजाराच्या कडेला एका टपरीवजा गॅरेजात साठीचे मेस्त्री भेटले. प्लेट्स डुप्लिकेट निघाल्या, असं मी सांगायला लागलो तर हसले. ‘‘प्लेटांना कशाला शिव्या देताय दादा? आधी केबल बघू की.’’

त्यांनी लिव्हरच्या टोकाला करंगळी लावली. हालचाल शून्य. लिव्हरला थोडा मोकळा ‘प्ले’ हवाच. बऱ्याच बाइक्सना टोकाशी साधारण १० ते १५ मिलीमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. क्लचमध्ये फायबरच्या आणि स्टीलच्या प्लेट्स एकाआड एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा तो दाब सुटतो. केबल ताणलेली असेल तर लिव्हर न दाबताही थोडा दाब सुटलेलाच राहतो! म्हणजे गॅरेजवाल्यानं दिलेला तो ‘कडक’ क्लच प्रत्यक्षात अर्धवट दाबलेला क्लच होता. सपाटीवर चालून जातं, चढावर नाही.

मेस्त्रींनी लॉकनट ढिला करून ॲडजस्टर फिरवला. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून प्ले पुन्हा पाहिला. दुरुस्तीनंतर केबल चुकीच्या बाजूनं नेली असेल, तर हँडल वळवल्यावर ती ताणली जाते. ती ठीक होती. बाजारातून एक चक्कर मारून आलो. फरक पडला होता, पण जोर लावला की काटा अजून उडत होताच.

‘‘ऑइल कुठलं टाकलंय?’’

उरलेल्या ऑइलची बाटली गॅरेजवाल्यानं बिलासोबत दिली होती आणि ती साइड बॉक्समध्येच होती. मेस्त्रींनी चष्मा लावला, बाटली उलटी केली आणि लेबलवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं : जेएएसओ एमबी. स्कूटरचं ऑइल!

इथे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडच्या बहुतेक बाइक्समध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये भिजलेले असतात. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच ऑइलच्या बाहेर, कोरडा असतो. त्यामुळे स्कूटरच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं बिनधास्त घालता येतात. जेएएसओ या जपानी मानकात अशा ऑइलला ‘एमबी’ म्हणतात. बाइकला लागतं ‘एमए’ किंवा ‘एमए२’, ज्यात प्लेट्सची पकड टिकते. कारचं ऑइल महाग म्हणून चांगलं, असा समज असेल तर तोही सोडा. त्यातही हीच अडचण येऊ शकते.

गरम ऑइल सोडलं, गाडी दहा मिनिटं निथळू दिली आणि एमए२ भरलं. मेस्त्री म्हणाले, ‘‘प्लेटांत मुरलेलं जायला थोडा वेळ लागंल. तरीबी स्लिप झाली तर मग उघडायचं. स्प्रिंगांची लांबी मोजायची, प्लेटा जळून चकचकीत झाल्यात का बघायचं, आणि मोजायच्या. बसवताना एखादी कमी पडती कुणाकुणाची.’’ आणखी एक इशारा दिला : स्लिप होत असताना रेटून चालवू नका. त्या उष्णतेनं चांगल्या प्लेट्सही जळतात.

मग पसरणी. वाई सोडली की बारा-तेरा किलोमीटरमध्ये जवळपास सहाशे मीटर चढायचं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचं निळं पाणी. एसटी समोरून आली की जीव मुठीत. सुरुवातीच्या चढावर एकदा काटा किंचित उडाला, मी थ्रॉटल कमी केला. नंतर प्रत्येक वळणातून बाहेर पडताना इंजिनचा आवाज आणि गाडीचा वेग बरोबरीनं वाढत गेले. अर्ध्या घाटात मित्रानं खांद्यावरचा हात काढून कॅमेरा बाहेर काढला, तेव्हा समजलं की जमलंय!

पाचगणीला टेबललँडच्या जांभ्या पठारावर घोडेवाल्यांना चुकवत भटकलो, स्ट्रॉबेरी विथ क्रीम झालं. सोमवारी बाटली घेऊन गॅरेजमध्ये गेलो. मालकानं लेबल वाचलं, ऑइलचे पैसे परत केले. नाना पेठेतल्या त्याच प्लेट्स गाडीत आजही आहेत.

निघण्यापूर्वी

क्लचचं काम झालं की गॅरेजमध्येच तीन गोष्टी बघा. लिव्हरला प्ले आहे का, हँडल दोन्हीकडे वळवल्यावरही तो राहतो का, आणि ऑइलच्या बाटलीवर एमए लिहिलंय का.

मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास असताना थ्रॉटल पूर्ण उघडा. काटा पळाला आणि स्पीड मागे राहिला, तर परत गॅरेज.

लांबच्या ट्रिपआधी, शक्य असेल तर मागे कुणाला तरी बसवून, एकदा कात्रज चढून या. तिथे काही निघालं तर घर जवळ असतं.