चिऊचे ३१ शब्द

"चिऊ बोलायला लागली का गं?" हा प्रश्न गेल्या सहा महिन्यांत किती जणांनी विचारला ते मोजायचं मी सोडून दिलंय. (आत्या, तुमच्यावर राग नाही हं! तुम्ही निदान काळजीने विचारता.) दरवेळी फोनवर तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकावं म्हटलं.

तर मंडळी, चिऊ आता दोन वर्षं सात महिन्यांची आहे, आणि फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर तिचे आजपर्यंतचे ३१ शब्द आहेत. 'भूभू' आणि 'भूर' मी वेगवेगळे धरलेत, कारण एक कुत्रा आहे आणि दुसरं बाहेर जाणं. नवरा म्हणतो हे फुगवलेले आकडे आहेत. म्हणू दे.

दोन वर्षांच्या मुलाला साधारण ५० शब्द यावेत आणि दोन शब्द जोडता यावेत, असा डॉक्टर लोकांचा ढोबळ हिशोब असतो. चिऊ दोन वर्षांची झाली तेव्हा तिच्याकडे नऊ होते. मार्चमध्ये तिची 'बेरा' नावाची तपासणी केली. मूल झोपलेलं असताना डोक्याला छोट्या तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतोय का ते पाहतात. तिला झोपवता झोपवता मीच दोनदा पेंगले. निकाल चांगला आला, ऐकू नीट येतं. सांगितलेलं सगळं कळतं. 'आबांची चप्पल आण' म्हटलं की बरोब्बर आबांचीच आणते. म्हणून डॉक्टर म्हणाले, भरपूर बोला, टीव्ही-मोबाइल कमी करा, तीन महिन्यांनी परत या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली दोन वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी असेल तर बरंच, असं सांगितलंय. आमच्याकडे तो तास जेवणाच्या वेळी संपायचा, खोटं कशाला बोला.

'भरपूर बोला' हे सांगायला सोपं आहे. मी फ्लॅशकार्ड आणली. "हे काय? हत्ती! म्हण, हत्ती!" चिऊ कार्डाकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि कार्ड तोंडात घालायची.

याच काळात घरात आणखी एक न बोलणारं माणूस होतं. माझे सासरे.

गेल्या दिवाळीनंतर आई गेल्या. आबा संगमेश्वरकडचं घर बंद करून आमच्याकडे पुण्यात आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात गेलेली, स्वभाव मुळातच अबोल. त्यांच्या वाटचंही आईच बोलायच्या. "यांना भात आणखी हवाय" हेसुद्धा आईच सांगायच्या, आणि ते खरंच असायचं. त्या गेल्यावर आबा सकाळपासून गॅलरीत खुर्ची टाकून समोरची पार्किंग बघत बसायचे. 'हो', 'नको', 'असू दे'. त्यांच्या शब्दांची यादी केली असती तर चिऊपेक्षा लांब झाली नसती. एकाने अजून सुरुवात केलेली नाही आणि एकाने थांबवलंय, अशा दोघांच्या मध्ये मी दिवसभर रेडिओसारखी वाजत असायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी नवऱ्याने दोघांनाही गाडीत घातलं आणि आम्ही वेताळ टेकडीवर गेलो. पुणे शहरातली ही सगळ्यात उंच टेकडी, समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. वर सपाटी आहे, जुनी दगडाची खाण आहे आणि मोर ओरडत असतात. पण चिऊला मोरबिर काही नको होतं. गिरिपुष्पाला बहर आलेला, खाली फिकट गुलाबी फुलांचा सडा. ती फतकल मारून बसली आणि एकेक फूल उचलून आबांच्या हातात द्यायला लागली. आबा घेत गेले. ओंजळ भरली तशी टोपी काढून त्यात घेतली. मग त्यांनी झाडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ही उंदीरमारी. आमच्या बांधावर आहे. पाला भातखाचरात घालतात, खताला."

सलग तीन वाक्यं! नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी झाडाकडे पाहिलं. (उंदीरमारी हे नाव उगाच पडलेलं नाही, हे झाड तोंडात घालायचं नव्हे. त्यामुळे चिऊचे हात पुसण्यात माझा पुढचा अर्धा तास गेला.)

मग ते ठरूनच गेलं. आठवड्यातून तीन-चार सकाळी आबा आणि चिऊ टेकडीवर. नवरा पायथ्याशी सोडतो, मी नऊ वाजता आणायला जाते. येताना पिशवीत शेंगा, काटक्या, पिसं, गोटे. माझ्या गॅलरीचा उकिरडा झाला, पण खुर्ची मात्र रिकामी राहू लागली, कारण आबा खाली फरशीवर चिऊसमोर बसलेले असायचे.

दोघांचे उद्योग सांगण्यासारखे आहेत. आबा पान खातात, त्यामुळे चुन्याची डबी हाताशी. एका वाटीत हळद कालवली, त्यात चुन्याचं बोट फिरवलं, आणि पिवळ्याचं लालभडक झालं. चिऊचा आ वासलेला तसाच राहिला! (चुना आबांच्याच बोटाला, तिच्या नाही. आणि तो रंगही काडीनेच लावायचा, कारण चुना कातडीला भाजतो.) जास्वंदीची पाकळी कागदावर घासली की जांभळट निळा डाग पडतो, त्यावर लिंबू पिळलं की तो गुलाबी होतो. हे मला या वयात कळलं. शाळेत लिटमस पेपरवर मी पानभर उत्तर लिहिलं होतं, पण जास्वंदीला कधी लिंबू पिळलं नव्हतं.

मागच्या बंगल्यातल्या फणसाची पानं कुंपणाबाहेर पडतात. त्यांचे बैल होतात. देठाकडच्या बाजूला दोन्हीकडून तिरक्या चिरा द्यायच्या की शिंगं, उरलेलं पान गुंडाळून काडी टोचली की पाठ, देठाला दोरा बांधला की वेसण. आबा बैल करायचे आणि चिऊ त्यांना ओढत घरभर. 'बै' हा तिचा चौदावा शब्द. कोणी 'म्हण' म्हटलं नव्हतं. बैलाची पाठ सुटली, आबांचं लक्ष नव्हतं, काहीतरी म्हणणं भागच होतं.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि टेकडीच्या वाटेवर मृगाचे किडे निघाले. लाल मखमलीचे ठिपके. त्यांना आठ पाय असतात, म्हणजे म्हणायला किडा, पण गोतावळा कोळ्यांचा. आबांनी तळहातावर घेऊन दाखवला, चिऊने एका बोटाने हात लावला आणि म्हणाली, "मऊ." वस्तूचं नाव नसलेला तिचा पहिला शब्द. आबांनी घरी येऊन मला आधी तो सांगितला, मग चपला काढल्या.

आणि ही त्यानंतरची गोष्ट. मेमध्ये खाऊन टाकलेल्या आंब्याच्या कोयी सोसायटीच्या मागे पावसाने रुजल्या होत्या. आबांनी एक उचलली, वरचं कवच सोललं आणि आतली बी दगडावर घासायला लागले. कडेला फट पडेपर्यंत घासायची आणि मग फुंकायची, की पुंगी वाजते. ती वाजली नाही. नुसती हवा. आबा कोय हातात धरून बसले आणि म्हणाले, "ही ती करायची. मला नाही जमत नीट."

आई गेल्यापासून त्यांनी आईंचा उल्लेख केलेला मी ऐकला नव्हता. काय बोलावं मला सुचेना, आणि मला सुचत नाही असं सहसा होत नाही. चिऊने मात्र त्यांचा हात धरून तो दगडावर ठेवला आणि म्हणाली, "पुन्ना."

आबांनी पुन्हा घासली. तिसऱ्या कोयीला आवाज निघाला, म्हशीच्या रेडकासारखा. संध्याकाळपर्यंत सोसायटीत तक्रार आली. चहा पिताना आबा मला आईंच्या माहेरच्या आंब्याबद्दल सांगत होते, कुठल्या फांदीवर त्या चढायच्या ते. मी गप्प बसून ऐकलं.

तर आत्या, उत्तर असं आहे. ५० झालेले नाहीत. दोन शब्द जोडणं म्हणाल तर 'आबा भूर' एवढंच, तेही रोज नाही. जुलैत डॉक्टरांनी पाहिलं आणि वाचाउपचार सुरू करायला सांगितले, ते मंगळवार-शुक्रवार चालू आहेत. धाकधूक आहेच. आबा गणपतीला गावी जाणार, घर उघडणार, आणि नंतर परत येणार का ते त्यांनी सांगितलेलं नाही. फ्रिजवरची यादी मात्र काल त्यांनी आपल्या डायरीत उतरवून घेतली, खाली चार ओळी मोकळ्या सोडून.

गणपतीत सगळे भेटाल तेव्हा एक विनंती. चिऊला समोर उभं करून 'हे काय, ते काय' विचारू नका. फणसाचं एक पान आणा, तिच्याशेजारी जमिनीवर बसा आणि बैल करायला घ्या. येत नसेल तर आबांना विचारा, ते सांगतील.