मोगऱ्याची नळी

पुण्याहून भाची आली, तेव्हा तिनं माझ्यापुढं तीन नळ्या ठेवल्या. एक गुलाबाची, एक मोगऱ्याची आणि तिसरी कसल्याशा जांभळ्या फुलाची. म्हणाली, “मावशी, हाताला लावायचं क्रीम आहे. रात्री झोपताना लावत जा.” मी एक नळी उलटीसुलटी करून पाहिली. मला आठवली ती सायकलचं पंक्चर काढायच्या सोल्युशनची नळी. तसं मी बोलूनही दाखवलं. पोरगी हिरमुसली. मी नळ्या कोनाड्यात ठेवल्या आणि धार काढायला गोठ्यात गेले.

असल्या गोष्टींशी माझं कधी जमलंच नाही. आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. धाकटी आईच्या मागं चुलीपाशी रमली आणि मी दादांच्या मागं शेतात. बारा वर्षांची असताना मी बैल जुंपत होते. पुढं तासगावच्या बाजूला सगळ्यांनी द्राक्षं लावली, तशी आम्हीही एक एकर लावली. ऑक्टोबरची छाटणी, मग काडीच्या डोळ्यांना पेस्ट, मग विरळणी, मग एकेक घड औषधाच्या पाण्यात बुडवायचा. बोर्डो करायचं म्हणजे शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. ही दोघं मिळून हाताची जी दशा करतात, ती सांगून कळायची नाही. तळव्याच्या भेगांत निळा रंग बसला की आठ-आठ दिवस निघायचा नाही.

धाकटीच्या लग्नात कासार चुडा भरायला आला. तिला दोन-चारची बांगडी सरकन गेली. मग माझी पाळी. कासारानं माझी बोटं एकत्र दाबली, साबण लावला, तेल लावलं. दोन बांगड्या तडकल्या. तो आपला सहज म्हणाला, “ह्यो हात हाय का खुरप्याची मूठ?” बायका हसल्या. मीही हसले. आई तेवढी हसली नाही. त्यानंतर मी कासारापुढं कधी बसले नाही. कुणी विचारलं तर सांगायची, कामात फुटत्यात. माझं लग्नही राहूनच गेलं, पण त्याचं खापर कासारावर फोडत नाही.

मागल्या थंडीत आईनं अंथरूण धरलं. वय ऐंशीच्या पुढं, काचबिंदूनं नजर गेलेली, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. तिचं अंग पुसताना माझा हात पाठीवरून फिरला की ती आकसायची. बोलायची काही नाही. एक दिवस तिच्या पाठीवर बारीकसा ओरखडा दिसला, रक्ताचे दोन ठिपके आलेले. तो माझ्या बोटाच्या भेगेनं ओढला होता.

“आये, लागलं का गं?”

“न्हाय गं. गोणपाटानं पुसतीस का काय, तेवढं इचारायचं हुतं.”

ती हसली. मला हसू आलं नाही.

कोकमतेलाचा गोळा आमच्याकडं दर थंडीत असतो, पण तो पायाच्या भेगांना. चुलीवर पातळ करून थेंब थेंब भेगेत सोडायचा. हाताला लावला की गोठून मेण होतं आणि सगळं अंथरुणाला पुसतं. त्या रात्री मी कोनाड्यातल्या नळ्या काढल्या. दार लोटून घेतलं. घरात आम्ही दोघीच, त्यातली एक आंधळी, तरी चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. गुलाबाचा वास लग्नातल्या गुलाबपाण्यासारखा. परक्याच्या पंगतीत जाऊन बसल्यासारखं वाटलं. जांभळ्याचा वास दवाखान्यातल्या नुकत्या पुसलेल्या फरशीसारखा. मोगरा तेवढा बरा वाटला. आमच्या विहिरीवर दादांनी लावलेला मोगरा होता. फुलं तोडायची मी, माळायची धाकटी.

पहाटे चांदीच्या कासेला हात घातला. आमची चांदी पंढरपुरी म्हैस, तलवारीसारखी लांब शिंगं आणि स्वभावही तसाच. तिनं मान वळवून हुंगलं, फुरफुरली आणि पान्हा चोरला. रेडकू सोडून बघितलं, पेंड टाकली, पाठ थोपटली. अर्ध्या लिटरच्या वर काही निघेना. शेवटी राखेनं हात खसाखसा घासले, तिच्याच अंगावर फिरवले, तेव्हा कुठं बाईसाहेबांनी दूध सोडलं.

पण मी हट्टाला पेटले होते. रोज रात्री लावायची, पहाटे राखेनं धुवायची. पाच-सहा दिवसांनी भेगा जरा बुजल्या. एका रात्री मलम लावूनच आईच्या पाठीवरून हात फिरवला. ती आकसली नाही. पण म्हणाली,

“कोन गं? धाकली आलीया व्हय?”

“मी हाय, आये.”

“तू न्हवं. आमच्या थोरलीचा हात मला ठावं हाय.”

माझ्या पोटात खड्डा पडला. डोळे गेल्यावर मला ओळखायला तिच्याजवळ जी एक खूण होती, ती मीच पुसून टाकली होती. मी गप्प बसले. तिनं चाचपडत माझा हात धरला आणि अंगठ्याच्या बुडाशी छाटणीच्या कात्रीचा वण आहे, त्यावर बोट नेलं.

“हां. तूच हायस.” मग तो हात नाकाशी नेला. “हिरीवरचा मोगरा?”

“नळीतला हाय. पुण्याचा.”

“मला बी लाव की वाईच.”

मी तिच्या हातांना लावू लागले. हे हात इतक्या जवळून मी कधी पाहिलेच नव्हते. रेशनच्या यंत्रावर तिचा अंगठा उमटायचा नाही, तेव्हा मी यंत्राला शिव्या घालायची. आता दिव्याखाली पाहिलं, तर अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नव्हत्या. तिच्याही हातांना जन्मात कुणी काही लावलं नव्हतं. ती बराच वेळ दोन्ही तळवे नाकाशी धरून पडून राहिली. झोपली असं वाटून मी उठणार, तोच म्हणाली, “त्या कासाराला मी तवाच हाकलायला पायजे हुतं.”

मला वाटत होतं, ती कधीच विसरली असेल.

आई फाल्गुनात गेली. तोवर रोज रात्री आम्ही दोघी लावत होतो. मोगऱ्याची नळी संपत आली तशी सोल्युशनच्या नळीसारखी खालून गुंडाळत गुंडाळत शेवटपर्यंत पिळली. मग तासगावच्या बाजारातून दुसरी आणली. अजून लावते, पण रात्रीच. पहाटे हात राखेनं धुऊनच गोठ्यात जाते. चांदीला तो वास अजून खपत नाही.