पॉइंटांची तिकिटं

अम्मींना उमऱ्याला न्यायचं, हे आम्ही नवरा-बायकोनं कधीचं ठरवलं होतं. पण दोघांचा शिक्षकी पगार, नालासोपाऱ्यातल्या घराचं भाडं. त्यात चौघांचं मुंबई-जेद्दा विमानभाडं कुठून झेपणार? मग किराणा, वीजबिल, मुलाची फी, सगळं क्रेडिट कार्डावर भरू लागलो. आमच्या कार्डावर पेट्रोलचे पॉइंट मिळत नाहीत, हे फार उशिरा कळलं! दोन वर्षांनी पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत बदलले, तेव्हा दोन तिकिटं निघाली. तीही अगदी फुकट नव्हेत. कर आणि विमानतळाचं शुल्क खिशातूनच गेलं. उरलेली दोन तिकिटं त्याच कार्डावर काढली.

नेमका त्या महिन्यात पगार लांबला. बिलावर पूर्ण रक्कम मोठी, 'किमान देय' अगदी छोटी. मन चळलं. पण किमान तेवढंच भरलं की उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज, तेही खरेदीच्या दिवसापासून. अम्मींनी एवढंच विचारलं, "बेटा, यात सूद तर नाही ना?"

आम्ही गप्प.

शेवटी शेजारच्या भिशीवाल्या आपांकडे गेलो. आमचा नंबर चार महिन्यांनी होता. त्यांनी आपला नंबर आम्हाला दिला. मुदतीच्या आदल्या दिवशी बिल पूर्ण भरलं.

पहाटेच्या लोकलनं अंधेरीला निघालो, तेव्हा अम्मींनी तिकिटाचा कागद तस्बीहच्या पिशवीत ठेवला होता. भिशीचे हप्ते अजून चालू आहेत.